निकॉन २००-५०० लेन्स : ठाणे खाडीवरील तीन हंगामांनंतर

निकॉनची २००-५०० मिलिमीटर, एफ/५.६ (एफ म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राचे माप) ही लेन्स मी डी५०० कॅमेऱ्यावर गेले तीन हंगाम वापरत आहे, तीही जवळजवळ केवळ उडत्या पक्ष्यांसाठी. नेरूळच्या पाणथळ जागा आणि ऐरोलीहून खाडीत जाणारी बोट एवढाच माझा परीघ असल्यामुळे हा अभिप्राय रोहित (फ्लेमिंगो), सुरय (टर्न) आणि घारी यांच्यापुरताच समजावा. पहिल्या हंगामातील बहुतेक चित्रे मला पुसून टाकावी लागली. त्याचा राग मी लेन्सवर काढला, पण चूक माझ्या सेटिंगची होती.

लेन्सच्या डाव्या अंगाला काही खटके आहेत. त्यांपैकी फोकसच्या मर्यादेचा खटका ‘६ मीटर ते अनंत’ यावर ठेवला की, पक्षी निसटल्यावर लेन्स जवळच्या अंतरापर्यंत फोकस शोधत जात नाही आणि पुढची संधी वाया जात नाही. कंपनरोधासाठी, म्हणजे हाताची थरथर शोषणाऱ्या यंत्रणेसाठी, ‘स्पोर्ट’ निवडावे. शटर १/२००० सेकंदापेक्षा वेगवान असताना चित्राला त्याची फारशी गरज नसते, परंतु हलत्या बोटीत व्ह्यूफाइंडरमधील दृश्य स्थिर राहते आणि पक्षी चौकटीत धरणे सोपे जाते.

फोकस सतत चालणारा ठेवून तो शटरच्या बटणावरून काढावा आणि मागच्या एएफ-ऑन बटणावर द्यावा. मोकळ्या आकाशात ‘ग्रुप एरिया’ (काही फोकसबिंदू एकत्र वापरणारा पर्याय) उत्तम चालतो. मागे कांदळवन असेल तर मात्र तो पानांवर जाऊन बसतो, म्हणून तेथे मी २५ बिंदूंचा पर्याय वापरतो आणि मध्ये अडथळा आल्यास फोकसने किती थांबावे याची सेटिंग विलंबाकडे सरकवतो. थव्यातील दुसरा रोहित मध्ये आला तरी पहिला सुटत नाही, हा त्याचा फायदा.

एक्स्पोजरच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. स्वच्छ उन्हात सारे काही मॅन्युअल, म्हणजे हाताने ठरवलेले, ठेवावे : १/२५००, एफ/६.३, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ४००. ऑटो आयएसओ सोयीचा वाटतो खरा, परंतु पक्षी उजळ आकाशातून गडद कांदळवनासमोर आला की कॅमेरा पार्श्वभूमी मोजतो आणि पांढरा पक्षी चित्रात जळून जातो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा उरतो. पक्ष्यावर पडणारे ऊन तर तेवढेच असते. संध्याकाळी ऊन उतरू लागले की आयएसओ ८००, मग १६०० असा हाताने वाढवत न्यावा. रोहिताच्या पंखांतील लाल रंग फसवा असतो. एकूण हिस्टोग्राम (चित्रातील उजेडाचा आलेख) ठीक दिसत असतानाही लाल वाहिनी, म्हणजे लाल रंगाचा आलेख, अतिउजेडाच्या उजव्या कडेला आदळलेली असते आणि पिसांचे तपशील जाऊन सपाट गुलाबी डाग उरतो. म्हणून तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम वेगवेगळा पाहावा. रोहित सरळ उडत असताना १/१६०० पुरते; तो पाण्यावरून धावत उड्डाण घेतो तेव्हा उडणारे थेंब गोठवायचे तर १/२५०० हवे आणि सुरय सूर मारत असेल तर १/३२००.

जागा निवडण्याचे महत्त्वही सेटिंगइतकेच आहे. भरती चढू लागली की खाडीतील चिखल बुडतो आणि थवे नेरूळकडे सरकतात, त्यामुळे मी आधी भरतीचे वेळापत्रक पाहतो आणि मगच घरून निघतो. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतात. दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो आणि सूर्यही तिकडेच असतो. म्हणजे ऊन पाठीवर घेऊन उभे राहिले की पक्षी समोरून, चेहऱ्यावर उजेड घेऊन येतात.

लेन्सचे वजन सुमारे २.३ किलो आहे आणि अर्ध्या तासाने दंड भरून येतात. बोटीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. झूमची कडी बरीच फिरवावी लागत असल्याने २०० वरून ५०० वर एका झटक्यात जाता येत नाही. मी ४०० वर थांबतो, पक्षी धरतो आणि मग पुढे सरकतो. पूर्ण उघड्या छिद्रालाही (एफ/५.६) चित्र चांगले रेखीव येते. सकाळी दहानंतर ओहोटीच्या चिखलावरून उष्ण हवा थरथरू लागली की दूरचे थवे धूसर येतात, आणि त्यावर कोणत्याही किमतीच्या लेन्सचा इलाज नाही. अशा वेळी मी कॅमेरा पिशवीत ठेवतो आणि दुर्बीण काढतो.