सोलापूरच्या उन्हात ३ किलोवॅटचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर: परीक्षण

छतावर सोलर बसवायचं ठरलं की जुळे सोलापूर असो की विडी घरकुल, पहिला प्रश्न एकच: पॅनेल कोणत्या कंपनीचं? पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा इन्व्हर्टर कोटेशनच्या चौथ्या-पाचव्या ओळीत ‘नामांकित कंपनीचा’ एवढ्यावर उरकलेला असतो. पॅनेलवर २५ वर्षांची कामगिरीची हमी मिळते आणि ते सहसा तेवढं टिकतंही. त्या काळात बदलावा लागतो तो इन्व्हर्टर. म्हणून हे परीक्षण त्याचं.

घरगुती, सिंगल फेज, ३ किलोवॅटचा, ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेला), आत ट्रान्सफॉर्मर नसलेला स्ट्रिंग इन्व्हर्टर, म्हणजे सगळी पॅनेल एका ओळीत जोडून घेणारा. मोठ्या विद्युत उपकरण कंपन्यांचे या मापाचे इन्व्हर्टर सख्खे भाऊ शोभावेत इतके सारखे असतात. वजन दहा किलोच्या आसपास, पंखा नाही, पाठीला उष्णता सोडणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, धूळ-पाणी आत न घेणारं आयपी ६५ दर्जाचं आवरण, कार्यक्षमता ९७ ते ९८ टक्के. एवढ्या कार्यक्षमतेला नावं ठेवायला जागा नाही. बहुतेक कोटेशनांत याच आकड्याची जाहिरात असते, पण अर्ध्या टक्क्याच्या फरकावर निवड करण्यात अर्थ नाही. डेटाशीटमध्ये बघायचे आकडे दुसरेच.

पहिला आकडा ‘डिरेटिंग’चा. चालण्याचं तापमान उणे २५ ते ६० अंश असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘४५ अंशांच्या वर क्षमता घटते’. सोलापुरात मे महिन्यात सावलीतला पारा ४२-४३ ला सहज टेकतो. पश्चिमेच्या भिंतीवर उघड्या उन्हात टांगलेला इन्व्हर्टर दुपारी तीन वाजता या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. तो बंद पडत नाही, गुपचूप कमी वीज देतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढचं नुकसान हळू होतं. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. कुठे टांगला, यावर तो पाच वर्षं जाणार की बारा, हे बरंचसं ठरतं.

जागा उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर, जिन्याच्या टोपीखाली, दुपारी सावली असेल अशी. वर-खाली अर्धा मीटर आणि दोन्ही बाजूंना एक वीत-दीड वीत मोकळं. पत्र्याच्या शेडच्या भिंतीवर नको. लोखंडी जाळीच्या बंद पेटीत तर मुळीच नको, चोरीच्या भीतीने लोक तेच करतात आणि वर कुलूप लावून निर्धास्त होतात. वर साधा सिमेंटचा किंवा फायबरचा छज्जा काढला तरी भागतं.

उन्हाचा दुसरा हिशेब पॅनेलचा. पॅनेलवर लिहिलेली वॅट सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. ४२ अंशांच्या दुपारी काचेखालचा सेल ७० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे ४५ अंश जास्त. मोनो पर्क प्रकारच्या पॅनेलची ताकद दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्याने घटते, म्हणजे जवळजवळ १६ टक्के तिथेच गेले. टॉपकॉन या नव्या प्रकारात हाच आकडा ०.३० च्या आसपास, तिथे साडेतेरा टक्के जातात. ५४० वॅटची ६ पॅनेल म्हणजे ३,२४० वॅट. उष्णतेचे गेले की उरतात २,७२०. मग धूळ, वायर आणि इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं वजा केलं की स्क्रीनवर अडीच किलोवॅट. मे महिन्यात ‘तीन म्हणाला होतात, अडीचच येतंय’ असे फोन वेंडरला याच कारणाने जातात. यंत्रणा ठीक असते. रोजचं सर्वांत चांगलं उत्पादन इथे मार्चच्या आसपास मिळतं, मेमध्ये नाही.

या हिशेबाचा एक फायदाही आहे. ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर सोलापुरात ३.६-३.८ किलोवॅटची पॅनेल बेलाशक जोडता येतात. उन्हाळ्यात तो तसाही भरत नाही, आणि सकाळ-संध्याकाळचं उत्पादन वाढतं. फक्त डेटाशीटमधला दुसरा आकडा, म्हणजे डीसी वॅटची कमाल मर्यादा, आणि मंजूर क्षमता आधी बघावी.

तिसरा आकडा, आणि हा सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो: एमपीपीटीचा (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणाऱ्या इन्व्हर्टरच्या भागाचा) कमाल करंट. आजचं ५४० वॅटचं पॅनेल भर उन्हात १३ अँपिअरच्या आसपास देतं. दुकानात पडून असलेले जुन्या मॉडेलचे इन्व्हर्टर ११ किंवा १२.५ अँपिअरपर्यंतच घेतात, वरचा करंट वाया जातो. सवलतीत मिळणारा ‘मागच्या वर्षीचा माल’ घेताना ही ओळ वाचली नाही तर सवलत दरवर्षी थोडी थोडी परत करावी लागते.

आता व्होल्टेज. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइनमध्ये वीज ढकलतो तेव्हा त्याला लाइनपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं. लाइन २३० ची. तिच्या दहा टक्के वर, म्हणजे २५३ व्होल्टला किंवा त्याच्या थोडं पुढे इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत, घरं आणि यंत्रमाग एकमेकांना खेटून आहेत. मागांच्या सुट्टीच्या दिवशी लोड उतरतो, व्होल्टेज चढतं आणि भर दुपारी, नेमक्या कमाईच्या वेळी, इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवत बसतो.

यातला अर्धा दोष बऱ्याचदा घरच्याच वायरीचा असतो. ३ किलोवॅट म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर. छतावरून मीटरपर्यंत ३० मीटर अंतर धरलं तर करंट जाऊन-येऊन ६० मीटर फिरतो. २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीत एवढ्या अंतराला ५.८ व्होल्टचा फरक पडतो, ६ चौरस मिमीत २.४ चा. मीटरपाशी २४९ व्होल्ट असतील तर पहिल्या वायरीने इन्व्हर्टरपाशी २५५ होतात आणि तो तुटतो. दुसऱ्या वायरीने २५१.५ च्या आत राहतो आणि चालतो. कोटेशनमध्ये एसी केबलचं माप लिहून घ्यावं, ‘योग्य मापाची केबल’ हे उत्तर नाही. एवढं करूनही इन्व्हर्टर तुटत असेल तर मीटरपाशी दुपारचं व्होल्टेज मोजून महावितरणकडे ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय) बदलण्याचा अर्ज करावा. तंत्रज्ञ पासवर्ड टाकून इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून देतो म्हणाला तर नको म्हणावं. घरातला फ्रिज आणि टीव्हीसुद्धा तेच व्होल्टेज सोसत असतात.

लाइट गेली की हा इन्व्हर्टर बंद होतो, कितीही ऊन असलं तरी. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून तशी सक्तीच आहे. पण हे विकताना न सांगण्याची रीत पडली आहे. वीज परत आल्यावरही तो मॉडेलप्रमाणे एक ते पाच मिनिटं थांबून मग सुरू होतो. लाइट गेल्यावरही चालायला हवं असेल तर बॅटरीही जोडता येणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत सुमारे ५ युनिट मावतात. चार बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, दिवे, वायफाय आणि फ्रिज मिळून सरासरी ३०० वॅट धरले तर १५ तास निघतात. मात्र फार तापल्यावर, मॉडेलप्रमाणे ४५ ते ५५ अंशांच्या वर, बॅटरी चार्ज घेणं थांबवतात, म्हणून ती गच्चीवरच्या खोलीत ठेवू नये, खाली घरात ठेवावी. शहरात वीज अधूनमधून तासभर जात असेल तर हायब्रीडचा जादा खर्च वसूल होत नाही. ऑन-ग्रिड आणि शेजारी जुना साधा घरगुती इन्व्हर्टर-बॅटरी, हीच जोडी स्वस्तात पडते. तालुक्याच्या गावात, जिथे वीज रोज चार-सहा तास नसते, तिथे गणित उलटं.

मृगाचा पहिला पाऊस पडला की दुसरी तक्रार सुरू होते. सकाळी इन्व्हर्टर ‘आयसोलेशन फॉल्ट’ दाखवतो, अकरा-बाराला ऊन पडलं की आपोआप सुरू होतो, आणि मालकाला वाटतं की बरा झाला. दोष असतो पॅनेलच्या वायरी जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरमध्ये. ते पॅनेलखाली स्लॅबवरच पडलेले असतात, पाण्यात भिजतात आणि करंट जमिनीकडे गळतो. बसवतानाच बघावं: वायर साधारण ७ मिलिमीटर सोललेली, पिन क्रिंपिंगच्या पकडीने दाबलेली (साध्या पक्कडीने नव्हे), दोन्ही भाग ‘टक्’ आवाज करून बसलेले, मागची नट घट्ट आणि जोड क्लिपने स्ट्रक्चरला वर बांधलेला. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात, पण नीट बसत नाहीत. तो सांधा तापतो आणि एखाद्या दिवशी वितळतो.

चालू यंत्रणेत हे जोड कधीच ओढून काढायचे नाहीत. सहा पॅनेलची ओळ भर उन्हात दोन-अडीचशे व्होल्ट डीसी देते, ओढलं की ठिणगी उठते आणि एसीसारखी ती आपोआप विझत नाही. क्रम असा: आधी एसीची एमसीबी, मग डीसीचा आयसोलेटर (तोडणारा स्विच), मग कपॅसिटर रिकामे व्हायला पाच-दहा मिनिटं, आणि त्यानंतरच हात.

पाण्याच्या काळ्या टाकीची सावली हा स्ट्रिंग इन्व्हर्टरचा दुबळा भाग, कारण एका पॅनेलवरच्या सावलीने सगळ्या ओळीचं उत्पादन घटू शकतं. सोलापूर १७.७ अक्षांशावर, म्हणून डिसेंबरच्या दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरच असतो. पॅनेलपेक्षा दीड मीटर उंच टाकी तेव्हा उत्तरेला सव्वा-दीड मीटर लांब सावली टाकते, सकाळी नऊला तर त्याहून कितीतरी लांब. जूनमध्ये जागा बघून ‘सावली नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, टाकीची दुपारची सावली तेव्हा दक्षिणेला पडते.

टाकी हलवता येत नसेल, किंवा घरकुलासारख्या छोट्या छतावर दोनच पॅनेल मावत असतील, तर एक-दोन पॅनेलमागे एक असा छोटा मायक्रोइन्व्हर्टर घ्यावा. दोन पॅनेलची ओळ तापल्यावर ७० व्होल्टच्या आसपास उतरते, आणि सुरू व्हायलाच ८०-१०० व्होल्ट लागणारे बरेच स्ट्रिंग इन्व्हर्टर तिथे जागचे हलत नाहीत. मायक्रोची किंमत जास्त, आणि तो पॅनेलच्या पोटाशी, सगळ्यात तापलेल्या जागी बसतो, हे मात्र धरून चालावं. स्ट्रक्चर त्यासाठी थोडं उंच घ्यावं.

पॅनेल धुण्याचं काम सोपं आहे. सकाळी आठच्या आत, मऊ फडक्याने, पंधरा दिवसांतून एकदा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी जड असतं, ते काचेवर सुकलं की पांढरे डाग धरतं आणि मग ते जात नाहीत. नळाचं वापरावं, किंवा शेवटचा हात कोरड्या फडक्याने.

पैशांचं: पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण त्यासाठी भारतात बनलेल्या सेलची, म्हणजे डीसीआर पॅनेल लागतात. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीविना अर्ज मंजूर धरला जातो. रोज सरासरी १२-१३ युनिट धरले तर वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास होतात. जिल्ह्यातच फताटेवाडीजवळ एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन कोळशाचे संच आहेत. देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरली तर एका छताचे वर्षाला तीन टन वाचतात. सोलर पॅनेल २०२२ च्या ई-कचरा नियमांत येतात. खराब पॅनेल भंगारवाल्याला द्यायचं नाही.

शेवटचं काम हमीचं. पाच वर्षांची की दहाची, आणि बिघडला तर बदली इन्व्हर्टर सोलापुरात मिळणार की दुरुस्तीला पुण्याला जाणार, हे बिलावर लिहून घ्यावं. बाजूच्या सिरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवावा. उन्हातल्या भिंतीवर ते दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरं पडतं, आणि नंबर वाचता आला नाही की तक्रार नोंदवतानाच घोडं अडतं.