मेश वायफायची ‘दुरुस्ती’ आणि आमचं नेट दुसऱ्याच्या मोबाइलवर

घरातलं मेश वायफाय (दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वायफाय पसरवतात तो संच) मधूनच जातं, थोड्या वेळाने आपोआप येतं, आणि तुम्ही ‘जरा बघून जा’ म्हणून बाहेरच्या माणसाला बोलावणार असाल, तर आधी हे वाचा. आमचे नऊ हजारांच्या वर रुपये गेले. त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे मधले काही आठवडे आमच्या घरात इंटरनेट चालू राहणार की बंद, हे त्या माणसाच्या मोबाइलवरून ठरत होतं आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

आमचं घर साताऱ्यात. खालच्या खोल्या जुन्या, जाड भिंतींच्या. वरचा आरसीसी मजला सासऱ्यांनी नंतर चढवलेला. अशा घरात एका राउटरने भागत नाही, म्हणून तीन डब्यांचा मेश संच घेतला होता. मुख्य डबा खाली, फायबरच्या मोडेमला (बाहेरून नेट घरात आणणाऱ्या डबीला) वायरने जोडलेला. दुसरा जिन्यात, तिसरा वर. जिन्यातला मुद्दाम तिथे ठेवला, कारण स्लॅब आणि बीममधून सिग्नल मरतो, पण जिन्याच्या मोकळ्या जागेतून नीट वर जातो. संच छान चालत होता. मी नववी-दहावीचं गणित ऑनलाइन शिकवते, वर आई (माझ्या सासूबाई) टीव्हीवर मालिका बघतात, आणि दोन्ही एकाच वेळी विनातक्रार चालायचं.

पाऊस सुरू झाला आणि नेट जायला लागलं. प्रमेय अर्ध्यावर आलं की मुलांचे चेहरे गोठायचे. तिन्ही डब्यांचे दिवे लाल व्हायचे, पाच-दहा मिनिटांत पुन्हा पांढरे. कधी दिवसभर काही नाही, तर कधी वारा सुटला की तासाभरात तीनदा.

मोबाइलवर ‘मेश वायफाय दुरुस्ती’ शोधलं तर वरच एक नंबर आला. नावापुढे ‘अधिकृत सेवा केंद्र’, भरपूर तारे, खाली कौतुकाचे अभिप्राय. माणूस त्याच दिवशी आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी अदबीचं.

“वहिनी, कधीपासून होतंय?”

“पाऊस लागल्यापासून.”

“मग बरोबर. व्होल्टेजने मेश भाजलाय. मेन युनिटचा बोर्ड गेला.”

मोडेमवर ‘एलओएस’ असं लिहिलेल्या जागी मधूनमधून लाल दिवा लुकलुकायचा, तो मी त्याला दाखवला. “ती लाइट कंपनीची असते, तिच्याकडे लक्ष नका देऊ,” म्हणाला. घरात लक्ष देण्यासारखा तेवढा एकच दिवा होता, हे पुढे कळलं. बाहेरून येणारा फायबरमधला प्रकाश मोडेमपर्यंत पोचत नसला की तो लाल होतो. मेशचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

मग त्याने वेग मोजून दाखवला. वरच्या मजल्यावर न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून मोजला, ११ एमबीपीएस. “बघा, दोनशेच्या प्लॅनला अकरा!” नवा डबा लावल्यावर त्याच मोबाइलने पुन्हा मोजला, पण आता डब्यापासून हातभर अंतरावर. आकडा ९० च्या वर गेला आणि आम्ही खूश. पहिल्या वेळी तो वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या, लांब पोचणाऱ्या पण हळू पट्ट्यावर, लांबून मोजत होता. दुसऱ्या वेळी ५ गिगाहर्ट्झच्या वेगवान पट्ट्यावर, जवळून. डबा बदललाच नसता तरी आकडा वाढलाच असता. शिवाय ९४ च्या पुढे तो कधी गेलाच नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

त्याचे पैसे असे: ‘कंपनी एक्स्चेंज’मधला मुख्य डबा ६५०० रुपये, आमचा जुना डबा तो घेऊन जाणार. फर्मवेअरचं, म्हणजे डब्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, वर्षाचं लायसन्स २४०० रुपये. घरगुती मेशचं फर्मवेअर त्याच्या ॲपमधून फुकट येतं, त्याला लायसन्स वगैरे काही लागत नाही. पक्कं बिल मागितलं तर उत्तर ठरलेलं: “जीएसटी लावला तर अठरा टक्के वाढतील, वहिनी. कशाला उगाच?” हातात आला तो शिक्का मारलेला कागद. जीएसटी लावलेल्या खऱ्या बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते तिथल्या तिथे दिसतं.

जाताजाता त्याने खरी मेख मारली. “नवीन युनिट रजिस्टर करावं लागेल, फोन द्या जरा.” माझ्या मोबाइलवरचं मेशचं ॲप उघडलं, आमचं जुनं खातं काढलं, संच नव्याने बसवला तो स्वतःच्या मोबाइलवरून आणि स्वतःच्या खात्यावर, मग मला त्यात ‘सदस्य’ म्हणून जोडलं. माझ्या ॲपमध्ये डबे दिसत होते, वायफायचं नाव तेच होतं, पासवर्डही तोच. वेगळं काही जाणवायचं कारणच नव्हतं. पण संचाचा मालक आता तो होता. आजकालचे बहुतेक मेश कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले असतात. मालक जगात कुठेही असला तरी घरात कुठली उपकरणं चालू आहेत ते त्याला दिसतं, एखाद्याचं नेट थांबवता येतं, अख्खा संच रिस्टार्ट करता येतो.

थोडे दिवस बरे गेले. ह्या धंद्याचं सगळं भांडवल इथेच आहे. मधूनमधून येणारा बिघाड आपोआपही जातो, त्यामुळे त्याच्यावर कोणीही काहीही केलं तरी गुण आल्यासारखा वाटतो. तापावर अंगारा लावावा तसं. चार दिवस वारा पडला, नेट टिकलं, श्रेय ६५०० रुपयांच्या डब्याला.

मग पुन्हा सुरू. फोन केला की “सर्व्हरवरून रिसेट मारतो” म्हणायचा आणि नेट यायचं. आलं की ‘रिमोट सपोर्ट’चे ३०० रुपये यूपीआयने. ते तसंही येणारच होतं. त्यातून ‘रोज रोज पैसे देण्यापेक्षा वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट करा’ हा आग्रह वाढत गेला.

मी कॉन्ट्रॅक्टला नाही म्हटलं आणि जुना डबा परत मागितला. त्यानंतर एक नवाच प्रकार सुरू झाला. माझा लॅपटॉप वायफायला जोडलेला दिसायचा, पण एकही पान उघडायचं नाही. आईंचा टीव्ही मात्र व्यवस्थित चालू, आणि डब्यांचे दिवे पांढरेशुभ्र. आधी नेट जायचं तेव्हा दिवे लाल व्हायचे आणि सगळ्यांचंच जायचं. आता फक्त माझं जात होतं, तेही बरोबर क्लासच्या वेळेला. त्याला फोन केला की येत होतं.

दोन बिघाड वेगवेगळे आहेत हे तेव्हा डोक्यात आलं. लाल दिव्याचा वेगळा, पांढऱ्या दिव्याचा वेगळा.

लाल दिव्याची तक्रार मी फायबर देणाऱ्यांच्या ॲपवर नोंदवली. लाइनमन आला, मोडेमची वायर काढून हातातल्या मीटरला लावली आणि म्हणाला, “पॉवर मायनस एकोणतीस येतेय ताई, मोडेम टिकणार कसा?” ही प्रकाशाच्या ताकदीची मोजणी, डीबीएम या एककात असते; उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. घरगुती फायबरला साधारण -१५ ते -२५ असेल तर ठीक, -२७ च्या पलीकडे मोडेमला प्रकाश धड कळत नाही. तो गच्चीवर गेला. खांबावरून आलेली वायर कठड्याला घासत होती आणि जोडाच्या डबीत पाणी शिरलं होतं. वाऱ्याने वायर हलली की जोड हलायचा. त्याने खराब तुकडा कापला, नवा जोड केला, वायरला थोडी ढील देऊन क्लिप मारली. मीटरवर -१९. पैसे काही घेतले नाहीत, चहासुद्धा उभ्यानेच. लाल दिवा त्यानंतर लागलेला नाही.

राहिला पांढरा. माझा भाचा सुट्टीला आला होता, त्याने माझ्या ॲपमध्ये सदस्यांची यादी उघडली. मालकाच्या जागी अनोळखी ईमेल. त्याचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवला, मग संच पूर्ण मोकळा केला: प्रत्येक डब्याच्या बुडाशी बारीक भोक असतं, त्यात पिन दाबून धरायची, दिव्याचा रंग बदलेपर्यंत. आमच्या संचात एवढ्याने जुन्या मालकाचा ताबा सुटला. काही कंपन्यांच्या संचात जुन्या मालकानेच खात्यातून सोडावं लागतं, नाहीतर खरेदीचं बिल कंपनीला पाठवून सोडवून घ्यावं लागतं, म्हणून मूळ बिल जपून ठेवा. नंतर वायफायचा पासवर्ड नवा, ॲपचा नवा, आणि त्या काळात घरून वापरलेल्या बँकेच्या, ईमेलच्या खात्यांचेही नवे.

डबा उलटा केल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. आकार, रंग आमच्यासारखाच, कंपनीही तीच, पण बुडावरचा मॉडेल क्रमांक जुन्या स्वस्त मॉडेलचा. त्याचं लॅनचं पोर्ट (नेटची वायर लावायची खाच) १०० एमबीपीएसचं. अशा पोर्टमधून प्रत्यक्षात ९४-९५ च्या वर काही जात नाही. २०० चा प्लॅन त्याने ६५०० रुपये घेऊन निम्म्यावर आणला होता. सीरियल नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवला तर हमी कधीच संपलेली. आमचा नेलेला डबा मात्र हमीत होता. तो खरंच बिघडलेला असता तरी आधी हमीत बदलून मागता आला असता.

आता कोणी विचारलं तर मी सांगते की आधी मेश बाजूला ठेवा. लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट मोडेमला लावा आणि तासभर तसाच वापरा. तिथेही नेट गेलं तर मेश निर्दोष आहे. फायबर देणाऱ्याकडे तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. मोडेमवर टिकतंय आणि मेशवरच जातंय, तर कुठल्या डब्याचा दिवा बदलतो ते बघा. एकाच लांबच्या डब्याचा बदलत असेल तर तो डबा जवळ आणा किंवा वायरने जोडा, बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे छोटे भाग म्हणजे चॅनल, आणि त्यातले काही रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारचा सिग्नल लागला की डब्याला तो चॅनल लगेच सोडावा लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर सुरू होण्याआधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. नेट ‘मिनिटभरच जातं’ असं असेल तर चॅनल बदलून बघण्यासारखं आहे. मोडेम आणि मेश दोघेही राउटर म्हणून चालत असतील आणि दोघांचा घरातल्या नेटवर्कमधला पत्ता एकच, १९२.१६८.१.१, असेल तरी घोळ होतो. मेशला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकलं, म्हणजे राउटरचं काम मोडेमवर सोडून मेशने नुसतं वायफाय द्यायचं, की तो मिटतो. जाणकार माणूस यातलं काहीतरी तपासतो. जो डब्याला हात लावायच्या आत ‘बोर्ड गेला’ म्हणतो, त्याला चहा द्या आणि निरोप द्या.

सेवा केंद्राचा नंबर खोक्यावरून किंवा ॲपमधल्या मदतीच्या पानावरून घ्या. शोधात वर आलेला नंबर कोणीही वर आणू शकतो. कोणाला संचाला हात लावू दिलाच तर ॲप तुमच्या मोबाइलवर, तुमच्याच खात्यातून चालू राहू दे, आणि तो गेल्यावर मालक आणि सदस्यांची यादी उघडून बघा.

तक्रारीचं म्हणाल तर ठाण्यात सगळे कागद, यूपीआयच्या पावत्या आणि तो स्क्रीनशॉट दिला. पूर्वीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, एवढी माहिती तिथल्या हवालदारांनी हसत दिली, आणि माझ्यासमोरच त्याला फोन लावला. संध्याकाळी एक पोरगा आमचा जुना डबा पिशवीतून दारात ठेवून गेला. तो लावला, उत्तम चालतो. पैसे आलेले नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तिथला अर्ज लिहायला घेतला आहे. ऑनलाइन पैसे काढून घेतले असतील तर मात्र वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

आमच्या गल्लीतल्या एका दवाखान्यात आणि एका अभ्यासिकेतही मेश त्याच माणसाने बसवलाय, वर्षाचं कॉन्ट्रॅक्टही आहे. दोघांनाही ॲपमध्ये मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते बघायला सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच उघडून बघितलं, आणि तोच ईमेल निघाला. अर्जात आता त्यांचीही सही आहे.