अ‍ॅडमिन पासवर्ड न देणारा लॅपटॉपवाला

सेकंडहँड लॅपटॉप घेताना बॅटरी, स्क्रीन, बिजागऱ्या सगळेच बघतात. अ‍ॅडमिन पासवर्ड (मशीनवर काहीही बसवायची परवानगी देणारा) कोणाकडे आहे हे मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या भाच्याला ज्याने गंडवलं त्याचा धंदा त्यावरच चालतो.

भाचा बीसीएला आहे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, साडेअठरा हजार. "कंपनीचा माल आहे साहेब, एसीत वापरलेला." मशीन उलटं केलं तर खाली स्टिकर खरवडल्याचा चिकट चौकोन. तिथे कंपनीचा अ‍ॅसेट टॅग, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीचं लेबल, असतो.

घरी व्हीएस कोड (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) मुकाट बसला, कारण त्याचं युजर सेटअप आपल्याच अ‍ॅपडेटा फोल्डरात जातं, अ‍ॅडमिन मागत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिटही, इन्स्टॉल न करता चालणारं पोर्टेबल, चाललं. मग कॉलेजात मायएसक्यूएल (डेटाबेस) आणि डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) बसवायला सांगितलं आणि विंडोजने भलत्याच एका खात्याचा पासवर्ड मागितला. भाच्याचं खातं साधं 'स्टँडर्ड', अ‍ॅडमिन दुकानदाराचा.

फोन केला तर म्हणाला, "वॉरंटीसाठी पासवर्ड आमच्याकडेच असतो. मशीन घेऊन या, टाकून देतो. एका वेळचे तीनशे." म्हणजे पोराने जावा बसवलं तरी तीनशे, डॉकर बसवलं तरी तीनशे! बायोसलाही, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड, त्यामुळे पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायची वाटही बंद.

शेवटी शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं आणि रिकव्हरीतून सगळं पुसून रीसेट मारला. वायफाय जोडल्यावर स्क्रीनवर एका मोठ्या कंपनीचं नाव आलं आणि खाली ऑफिसचा ईमेल टाकायची चौकट. पुढे जाताच येईना.

याला विंडोज ऑटोपायलट म्हणतात. मशीनची हार्डवेअर ओळख कंपनीच्या खात्यात नोंदलेली असते. फॉरमॅट मारा नाहीतर एसएसडी बदला, सेटअपच्या वेळी नेट लागलं की तीच पाटी. ती नोंद काढणं कंपनीच्या आयटीवाल्यांच्या हातात. दुकानदाराने नेट न लावता सेटअप उरकला होता, आणि अ‍ॅडमिन हातात दिला असता तर गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी रीसेट मारून बसलं असतं. तीनशे रुपये ही वरची मलई, खरी भानगड ही होती.

दुकानदाराचं उत्तर तयारच: "तुम्ही फॉरमॅट मारलात, वॉरंटी संपली." बिलावर नुसतं 'लॅपटॉप १ नग'. सीरियल नंबर नाही, त्यामुळे हेच मशीन त्याने विकलं हे दाखवायचं कसं? नशिबाने त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत सीरियल दिसत होता.

म्हणून पैसे देण्याआधी, दुकानातच, आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रीसेट करून घ्या. अर्धा-पाऊण तास जातो, जाऊ द्या. बायोस पासवर्डशिवाय उघडतो का बघा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली 'वर्क ऑर स्कूल'मध्ये कोणाचं नाव असेल तर मशीन तिथेच ठेवून निघा. मॅकबुकला हीच गोष्ट 'रिमोट मॅनेजमेंट' नावाने समोर येते. दुकानदार "घाई आहे" म्हणाला तर आपल्यालाही घाई आहे म्हणायचं.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही, हे दुकानदाराला सांगितल्यावर बारा हजार परत आले. उरलेल्या पैशांसाठी अर्ज तयार आहे.