वान्काचं पत्र : वाचावं की लिहावं?

रशियन लेखक चेखवची ‘वान्का’ (१८८६) ही गोष्ट आम्ही जळगावात चार मित्रांनी दोन्ही तऱ्हेनं घेऊन पाहिली: एकदा बारकाईनं वाचून, एकदा आपल्या मुलखात आणून लिहून. बारकाईनं वाचताना एका पत्त्यावरच तास गेला. मॉस्कोत जोडे शिवणाऱ्याकडे कामाला ठेवलेला नऊ वर्षांचा वान्का ‘मला घरी ने’ म्हणून आजोबांना पत्र लिहितो आणि वर पत्ता घालतो, ‘गावी, आजोबांना’. मग डोकं खाजवून आजोबांचं नाव घालतो, गावाचं नाहीच. पत्र पोचणार नाही, हे चेखव एका शब्दानं सांगत नाही.

पुढच्या रविवारी तेच पत्र, सुरतेला कामाला गेलेल्या पाचोऱ्याच्या पोरानं अहिराणीत लिहिलेलं. ‘आजा, माले घर ली जा’ इथवर झकास जमलं. मग अडलं. पोराच्या हाती मोबाईल आला की गोष्टच संपते! (एकानं मोबाईल हरवून टाकला, कुणाला पटलं नाही.)

लिहिण्यात मजा जास्त, पण मी आधी वाचनच घेईन. पत्त्यातली गोम ठाऊक नसती, तर आम्ही सरळ पिनकोडसुद्धा टाकला असता.