झूम एफ८एन आणि टेंटेकल सिंक ई : लांब कीर्तनांच्या रेकॉर्डिंगमधला अनुभव

वारकरी कीर्तन, कोकणातली डबलबारी, अधूनमधून शास्त्रीय गाण्याची मैफल असं माझं काम. दोन-तीन कॅमेरे असतात आणि आवाज वेगळा, झूमच्या एफ८एन या रेकॉर्डरवर. कीर्तन एकदा उभं राहिलं की दोन तास थांबत नाही. मध्येच पुढे जाऊन क्लॅप, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला टाळीची खूण, देणं शक्य नसतं आणि ते शोभतही नाही. म्हणून टाइमकोडचा, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या फाइलीत एकच सामाईक वेळ नोंदवण्याचा, मार्ग धरला. प्रत्येक कॅमेऱ्यावर एक टेंटेकल सिंक ई, म्हणजे टाइमकोड पुरवणारी छोटी पेटी, आणि एक रेकॉर्डरला, अशी मांडणी गेल्या हंगामापासून वापरतोय. एडिटला बसल्यावर सगळ्या क्लिपा आपापल्या जागी जाऊन बसतात. पूर्वी पडद्यावर आवाजाच्या लाटांचे आकार जुळवत रात्र जायची, ते काम संपलं. एवढ्यासाठीसुद्धा हा खर्च सार्थकी लागला असं मी म्हणेन.

पण टाइमकोड घेतला की सिंकची काळजी मिटली, असं जे सर्रास सांगितलं जातं ते अर्धंच खरं आहे. टाइमकोड फक्त सम कुठे आहे ते सांगतो. लय सांभाळतं ते रेकॉर्डरचं आणि कॅमेऱ्याचं आतलं घड्याळ, म्हणजे क्लॉक. दोन वादक समेवर एकत्र निघाले तरी लय केसभर वेगळी असेल तर पुढच्या आवर्तनांत अंतर पडतच जातं.

फाइलमध्ये काय लिहिलं जातं ते पाहिलं की हे लगेच समजतं. रेकॉर्डर वेव्ह फाइलच्या सुरुवातीला एकच आकडा नोंदवतो : मध्यरात्रीपासून किती सॅम्पल (आवाजाची सूक्ष्म मोजमापं) झाले. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल घेत, संध्याकाळी सातला सुरू केलेल्या फाइलीत तो आकडा ३२८ कोटी ३२ लाख असतो. त्यानंतरच्या दोन तासांवर टाइमकोडचा काही ताबा नाही. क्लॉक जसं चालेल तशी फाइल लांब किंवा आखूड होते.

हिशोब सोपा आहे. १ पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भागाची चूक, तासाला ३.६ मिलिसेकंदांचा फरक. साध्या क्रिस्टलचं (घड्याळाची गती ठरवणाऱ्या स्फटिकाचं) घड्याळ २० पीपीएमने चुकत असेल, तर तासाभरात ७२ मिलिसेकंद होतात. आपल्याकडच्या सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. बोलण्यात हे कदाचित खपून जाईल, टाळांत खपत नाही. टाळ मिटलेले दिसतात आणि आवाज मागून येतो. एफ८एनमध्ये तापमानाचा परिणाम सावरून घेणारा क्रिस्टल आहे आणि टाइमकोडची अचूकता ०.२ पीपीएम दिलेली आहे, म्हणजे २४ तासांत साधारण १७ मिलिसेकंद, अर्ध्या फ्रेमपेक्षाही कमी. टेंटेकलही २४ तासांत एका फ्रेमच्या आत राहतो. त्यामुळे साखळीत कच्चा दुवा बहुतेक वेळा कॅमेराच असतो.

गंमत म्हणजे अर्ध्या तासाला फाइल तोडणारे कॅमेरे इथे उपयोगी पडतात. प्रत्येक नव्या क्लिपच्या सुरुवातीला ताजा टाइमकोड मिळतो, म्हणून सरकणं त्या अर्ध्या तासापुरतंच राहतं. दोन तास सलग एकच फाइल लिहिणारा कॅमेरा असेल तर शेवटचा अभंग जरूर तपासून पाहा.

ज्या कॅमेऱ्यांना टाइमकोडची वेगळी जागा नाही, तिथे टेंटेकलचा आवाज माइकच्या जॅकमधून डाव्या ट्रॅकवर जातो. ऐकायला तो किर्र आवाज. टेंटेकलची पातळी माइकचीच ठेवा. लाइनची, म्हणजे जास्त जोराची, ठेवली तर तो आवाज शेजारच्या ट्रॅकवर झिरपतो. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओ ट्रॅकवरून टाइमकोड वाचण्याची सोय आहे, माझं काम त्यावर चालतं. एखाद्या कॅमेऱ्यात सगळ्या क्लिपांवर ठराविक एका फ्रेमचा फरक दिसतो. तो कायम तेवढाच असेल तर ते सरकणं नव्हे, एकदा मोजून सगळ्या क्लिपांना लावून टाकावा.

एफ८एनच्या मेनूमधल्या तीन गोष्टींकडे नीट लक्ष द्यावं लागतं. यंत्र बंद केलं की आतला टाइमकोड थांबतो. पुन्हा सुरू करताना तो जिथे थांबला होता तिथून धरायचा की घड्याळाची वेळ घ्यायची, हे ‘स्टार्ट टाइमकोड’मध्ये ठरतं. दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी बॅटरी बदलल्यावर मी पुन्हा जॅम करतोच, म्हणजे टेंटेकल जोडून त्याचा टाइमकोड यंत्रात भरून घेतो. सप्ताहात दुपारच्या पंगतीनंतरचं हे पहिलं काम. दुसरी, ‘एक्स्ट ऑडिओ क्लॉक सिंक’ : ही चालू असली की रेकॉर्डर बाहेरून येणाऱ्या टाइमकोडवर आपलं ऑडिओ क्लॉकही बांधून घेतो. त्यासाठी टेंटेकल पूर्ण वेळ जोडलेला हवा. सकाळी जॅम करून वायर काढून टाकली तर याचा फायदा नाही. तिसरी, ‘एक्स्ट कंटिन्युअस’ : वायर सुटली तरी टाइमकोड आतून पुढे चालू राहतो. गर्दीच्या मंडपात ही चालू असलेलीच बरी. जागेवर फिरवून बसणारा बीएनसी जॅक मला म्हणूनच आवडतो, पायात वायर अडकली तरी सहज निघत नाही.

दोन रेकॉर्डर एकत्र वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मृदंग एका यंत्रावर, मंडपाच्या मिक्सरचा आवाज दुसऱ्यावर, आणि दोन्हीत कीर्तनकारांचा तोच आवाज. दोन्ही यंत्रं ०.२ पीपीएमची, पण एक पुढे आणि एक मागे, तर अर्ध्या तासात ०.७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. चित्राशी सगळं जुळलेलं दिसेल. पण दोन ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की ६९४ हर्ट्झच्या आसपासचा भाग कापला जातो आणि गळा पोकळ लागतो. शिवाय अंतर वाढत जातं तशी ती पोकळी खाली खाली सरकते, त्यामुळे एकाच जागी दुरुस्ती करून भागत नाही. टाइमकोडची पेटी कितीही महाग घेतली तरी जॅम करून सोडून दिलेल्या दोन यंत्रांत हे होणारच. एकच क्लॉक दोघांना द्या, नाहीतर सरळ सगळे माइक एकाच रेकॉर्डरवर घ्या. एफ८एनला आठ इनपुट आहेत. कीर्तनकार, वीणेकरी, मृदंग, हार्मोनियम, टाळकऱ्यांच्या दोन्ही बाजू आणि श्रोत्यांसाठी दोन, एवढ्यात बसतं. मी आता तसंच करतो आणि मिक्सरचा आवाज फक्त राखीव म्हणून ठेवतो.

कामाला निघण्याआधी फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, सगळीकडे एकच करून घ्या. २४ आणि २३.९७६ मिसळले तर तासाला ३.६ सेकंदांचा घोळ होतो. टेंटेकलच्या ॲपमध्ये सगळ्या पेट्यांचे फ्रेमरेट आणि बॅटरी एकाच पडद्यावर दिसतात. वीणा उभी राहण्यापूर्वी मी तो पडदा एकदा पाहतो आणि मोबाइल खिशात टाकतो.