पैसे येवक पिन कित्याक व्हयो?

सावंतवाडीत माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गणपतीच्या आधीचे आठ दिवस म्हणजे आमचा वर्षाचा सीझन. 25 ऑगस्ट 2025, सोमवार, चतुर्थीला दोन दिवस. मी गिऱ्हाइकाला माळ लावून दाखवत होतो, तिचे नेमके हिरवे दिवे पेटत नव्हते, आणि तेवढ्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आला: ‘नव्या कायद्यामुळे आयडी बंद होणार. आज रात्री 12 पर्यंत लॉगिन करून केवायसी करा, नाहीतर शिल्लक जप्त.’

आयडी कसली, ते आधी सांगतो. मे महिन्यात चुलत भावांबरोबर पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर गेलो होतो. दोन हजार घालवून, जेवून परत आलो. नंतर कुठल्याशा ग्रुपवर एकाने बोटीचाच फोटो लावून ‘तेच टेबल आता मोबाइलवर’ अशी जाहिरात टाकली. गोव्यात चालतं म्हणजे हेही चालत असणार, असं मी धरून चाललो. गोव्यातली परवानगी तिथल्या बोटींपुरती आणि पंचतारांकित हॉटेलांपुरती असते, तिचा मोबाइलशी काही संबंध नाही, हे मला पोलीस ठाण्यात कळलं.

त्या माणसाने व्हॉट्सॲपवरच ऑनलाइन जुगाराची आयडी, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड दिला. मी लगेच पासवर्ड बदलला, मोठा ठेवला, त्यात आकडे घातले, चिन्हं घातली. काय हुशारी! आयडी देणाऱ्याकडे पॅनेल असतं. तो बसल्या जागी तुमचा पासवर्ड बदलू शकतो, शिल्लक शून्य करू शकतो. कुलूप मी बदललं होतं, पण घराची मालकी त्याच्याकडेच होती. सुरुवातीला मात्र पैसे मिळाले. जुलैमध्ये 4,150 रुपये काढले, ते तासाभरात खात्यात. पाठवणाऱ्याचं नाव कुठल्यातरी बाईचं. मी म्हटलं, असेल त्यांची अकाउंटंट. ते 4,150 लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत.

तर सोमवारचा मेसेज. तो मला खरा वाटला, कारण कायदा खराच आला होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने आदल्याच आठवड्यात मंजूर केला होता, 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली होती. मोठ्या ॲपांनीही पैशांचे खेळ बंद करून शिल्लक काढून घ्या असं कळवलं होतं. माझ्या आयडीत 38,400 दिसत होते, त्यातले 27 हजार माझ्या खिशातले.

लिंक उघडली. ‘गूगलने लॉगिन करा’ असं बटण होतं. ते दाबल्यावर गूगलसारखंच पान आलं, मेल आणि पासवर्ड टाकला. फोनवर कोड आला, टाकला. ‘कोड चुकीचा, पुन्हा टाका.’ पुन्हा आला, पुन्हा टाकला. कोड अजिबात चुकीचा नव्हता. मी इकडे टाकत होतो आणि तिकडे कोणीतरी तोच कोड वापरून माझ्या मेलमध्ये शिरत होता. त्या मेसेजमध्ये हा कोड कुणाला देऊ नका असं लिहिलेलं असतं. मी आकडे तेवढे पाहिले, वर काय लिहिलंय ते वाचलंच नाही.

आणि मेलमध्ये काय नव्हतं? आधार, पॅन, डिस्ट्रिब्युटरला पाठवलेला कॅन्सल चेक. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्डही त्याच गूगल खात्यावर. भाच्याने नंतर तपासलं तेव्हा मेलमध्ये एक फिल्टर सापडला. ‘नवीन डिव्हाइसवरून लॉगिन झालं’ असे इशारे परस्पर कचऱ्यात जात होते. ती टोपली मी जन्मात कधी उघडली नव्हती.

दहा मिनिटांत फोन आला. हिंदी, गोड आवाज, दर वाक्याला सर. ‘सर, आपका रिफंड तैयार है.’ क्यूआर पाठवला, स्कॅन करायला सांगितलं, पैसे दोन हप्त्यांत येणार म्हणाला. हिरवे दिवे अजून पेटत नव्हते, गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत होतं. स्कॅन केलं, पिन टाकला. 19,999. ‘सर, फेल दिखा रहा है.’ परत 19,999. गल्ल्यावर बसलेली बायको म्हणाली, “पैसे येवक पिन कित्याक व्हयो?” दहावी नापास बाई. दिवसाला शंभर क्यूआर बघते.

कळलं होतं मला तेव्हाच. पण तिला म्हणालो, होलसेलरला पाठवले.

खरी चूक मी इथे केली. घरी पाच दिवसांचा गणपती, माटवी बांधायची, मुंबईहून भाऊ-वहिनी येणार. जुगारात पैसे गेले हे सांगणार कसं? विसर्जन होईपर्यंत गप्प बसलो. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो सातव्या दिवशी. फोन घेणाऱ्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “किती वाजता गेले?” दिवस सांगितल्यावर त्या क्षणभर काही बोलल्याच नाहीत. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरतात. पहिल्या काही तासांत कळवलं तर मधल्या एखाद्या खात्यात अडवता येतात. माझ्या 39,998 पैकी 3,200 अडकवता आले. पोलीस मला आत टाकतील ही भीतीही फुकटची होती. नव्या कायद्यातल्या शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशांची ने-आण करणाऱ्यांना आहेत, खेळणाऱ्याला नाहीत.

आता ते 4,150. नोव्हेंबरमध्ये माझं दुकानाचं खातं अचानक गोठलं. बँकेत गेलो तर दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र. जुलैत मला जिने पैसे पाठवले होते तिचं खातं फसवणुकीच्या पैशांसाठी वापरलेलं होतं. म्हणजे मी जिंकलो म्हणून मिरवले ते पैसे माझ्यासारख्याच कुणाचे तरी होते. अर्ज, स्टेटमेंट, आयडीचे स्क्रीनशॉट, सगळं पाठवलंय. तोवर माल उधारीवर.

मेल भाच्याने परत मिळवून दिला. सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट, नवा पासवर्ड, फिल्टर काढला, कोड आता मेसेजऐवजी ऑथेंटिकेटर ॲपमधून. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर माझ्या नावावर किती सिम आहेत तेही पाहिलं. तीन निघाली, त्यातलं एक माझं नव्हतं. दुकानाचा यूपीआय आता बायकोच्या फोनवर.

परवा परत एक फोन. या वेळी मराठीत. सायबर रिकव्हरी विभागातून बोलतोय म्हणाला, तुमचे 36,798 परत मिळालेत. रक्कम रुपयापर्यंत बरोबर. फक्त एक लिंक पाठवतो, म्हणाला, त्यावर लॉगिन करा.

फोन बायकोकडे दिला. ती काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.