निवृत्तीनंतरचा कट्टा कोणता: विद्यापीठाची संघटना की गल्लीतला ज्येष्ठ नागरिक संघ?

आपल्याकडच्या राज्य विद्यापीठांतून शिक्षक साधारणपणे ६० व्या वर्षी आणि शिक्षकेतर कर्मचारी बहुतेक ५८ व्या वर्षी बाहेर पडतात. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं, क्वार्टरमध्ये राहत असाल तर ते रिकामं करायचं असतं. त्यानंतरच्या काही महिन्यांत दोन अर्ज हातात पडतात. एक विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयांच्या निवृत्तांच्या संघटनेचा, दुसरा घराजवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा. वर्गणी दोन्हीकडे किरकोळ असल्यामुळे बरेच जण दोन्ही भरतात आणि मग कुठेच जात नाहीत. तसं करायचं नसेल तर कुठे काय मिळतं ते आधी पाहून घ्यावं.

संघटनेचं पहिलं काम कागदांचं, आणि त्यात तिला तोड नाही. प्राध्यापकांच्या सातव्या वेतन आयोगाचंच घ्या. शासननिर्णय निघाला ८ मार्च २०१९ ला, लागू झाला १ जानेवारी २०१६ पासून. मधल्या तीन वर्षांत जे निवृत्त झाले त्यांची वेतननिश्चिती पुन्हा, निवृत्तिवेतन पुन्हा, थकबाकी वेगळी. घरी बसून हे जमत नाही. सेवापुस्तकात कुठली नोंद राहिली, उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात फाइल कुठल्या टेबलावर अडकते, अर्जासोबत कुठली प्रत लावली नाही तर ती परत येते, हे ज्यांनी स्वतः भोगलंय तेच सांगू शकतात. अंशराशीकरणात, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी आधीच घेतला की, दरमहा कापली जाणारी रक्कम १५ वर्षांनी पूर्ववत व्हायला हवी. ती तारीख आपण विसरतो, संघटनेतलं कोणीतरी आठवण करून देतं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची धावपळ असते तेव्हाही हीच मंडळी ज्यांचे अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत त्यांना बँकेत घेऊन जातात.

इथे एक गोष्ट पारखून घ्या. संघटना फक्त प्राध्यापकांची आहे की शिक्षकेतरही तिच्यात आहेत? माझं मत विचाराल तर दुसरी केव्हाही बरी. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा आस्थापना विभागातल्या निवृत्त अधीक्षकाला पेन्शनचं गणित जास्त कळतं, आणि ज्या प्रयोगशाळा परिचराने तीस वर्षं विभागाच्या किल्ल्या सांभाळल्या त्याला सगळ्यांची घरं ठाऊक असतात. कोण आजारी आहे हे त्याच्याकडूनच कळतं. काही ठिकाणी शिक्षक आणि शिक्षकेतर यांच्या संघटना अजूनही वेगळ्या आहेत. नोकरीत असताना मागण्या वेगळ्या होत्या, तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आता रांग एकच आहे.

संघटनेचा दोष मात्र पहिल्याच बैठकीत दिसतो. तिथे कोणी निवृत्त झालेलंच नसतं. माजी कुलगुरू पहिल्या रांगेत, माजी विभागप्रमुख दुसऱ्या, आणि ज्यांची पदोन्नती अडवली गेली होती ते मुद्दाम शेवटच्या. व्याख्यान झालं की एक सर हात वर करतात: ‘प्रश्न नाही, एक छोटंसं निवेदन आहे.’ चहा गार होतो. २०१३ च्या प्राध्यापकांच्या परीक्षा-बहिष्कारात कोण शेवटपर्यंत टिकलं आणि कोण गुपचूप पेपर तपासायला गेलं, हा विषय अजून मिटलेला नाही. ज्यांना जुन्या ओळखीची ही ऊब हवी त्यांना मजा येते. ज्यांना विभागातलं राजकारण एकदाचं सुटलं म्हणून बरं वाटलं होतं, त्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभेपुरतं जावं.

ज्येष्ठ नागरिक संघाचा कारभार साधा. महापालिकेचं विरंगुळा केंद्र किंवा उद्यानातली शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन वर्तमानपत्रं, कॅरम. महिन्याच्या सभेत त्या महिन्यात ज्यांचे वाढदिवस त्यांना गुलाबाचं फूल, पंचाहत्तरी झाली असेल तर शाल, आणि गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहणं. वयाची अट बहुतेक ठिकाणी साठीची, म्हणजे ५८ ला सुटलेल्या लिपिकाने दोन वर्षं थांबायचं. असे अनेक संघ फेस्कॉम या राज्यपातळीवरच्या महासंघाशी जोडलेले असतात. शेजारी बसलेले एसटीतून, बँकेतून, कारखान्यातून निवृत्त झालेले. तुमची पीएच.डी. कशावर होती हे कोणी विचारत नाही. पहिले काही महिने हे टोचतं, पुढे सोयीचं वाटू लागतं. ‘सर, तुमचं अक्षर चांगलं, इतिवृत्त तुम्हीच लिहा,’ असं म्हणून सचिवपद गळ्यात पडण्याची शक्यता मात्र धरून चाला.

सहलींतही संघ पुढे. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वाल्यांना निम्मं तिकीट, आणि २०२३ पासून महिलांनाही निम्मं. त्यामुळे अष्टविनायक, पंढरपूर, गणपतीपुळे हे बेत पटापट ठरतात. कार्यक्रमांचं मात्र फार कौतुक करता येत नाही. मधुमेह, गुडघे, मृत्युपत्र, पुन्हा मधुमेह. आणि निवडणूक जवळ आली की नगरसेवकाचं भाषण.

खरा फरक पडतो तो जोडीदाराच्या बाबतीत, आणि निवडताना हाच मुद्दा सगळ्यात कमी पाहिला जातो. विद्यापीठाच्या संघटनेत तुम्ही सभासद, पत्नी किंवा यजमान पाहुणे. दिवाळीच्या स्नेहमेळाव्यात ‘ह्या अमुक सरांच्या मिसेस’ एवढीच ओळख. जोडीदार साठीचा असेल तर ज्येष्ठ नागरिक संघात तो स्वतःच्या नावाने सभासद होतो, स्वतःची पावती घेतो, स्वतःचं गाणं म्हणतो. मग कधीतरी दोघांतलं एक जण हे जग सोडून जातं. संघातल्या बायका दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन दारात असतात. संघटनेतून शोकसंदेश येतो, तोही मनापासून, पण मागे राहिलेल्या बाईंचा फोन नंबर तिथे कोणाकडे नसतो. आणि नेमकी तेव्हाच त्यांना संघटनेची गरज असते, कारण कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचं असतं. पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, हे दोघंही असतानाच तपासायला हवं. संघटनेत जाणार असाल तर निदान दोन-चार जणांशी घरच्यांची ओळख करून ठेवा, फक्त मेळाव्यापुरती नाही.

अंतराचं सांगायला नकोच. विद्यापीठ एका टोकाला, घरं चहूकडे. साठीत गाडी चालवत जाता, पंचाहत्तरीत रात्री आठला रिक्षा मिळेल का याची काळजी. प्राध्यापकांनी एकत्र येऊन गृहनिर्माण सोसायटी काढलेल्या ठिकाणी हा प्रश्न बराच सुटलेला असतो. अहिल्यानगरात सावेडीला प्रोफेसर कॉलनी चौक आहे, अशा वस्त्या इतर गावांतही आहेत. तिथे कट्टा एकच आणि ओळख दोन्हीकडची. पण मुलांनी तिथले बंगले पाडून फ्लॅट केले की शेजार बदलतो.

दोन्हीकडे मन रमणार नाही असेही काही असतात, ज्यांना माणसांपेक्षा विषय हवा. त्यांनी कट्टा शोधूच नये. मराठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांना नोंदी लिहिणारे लागतात, मराठी विज्ञान परिषदेला व्याख्याते लागतात. पुण्यात असाल तर भांडारकर संस्था किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात बसायला जागा आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेतून २००३ मध्ये निवृत्त झाले, तरी शाळकरी मुलांशी बोलणं त्यांनी थांबवलं नाही. अर्थात मानधनाची अपेक्षा ठेवून या वाटेला जाऊ नका.

मी कोणाला काय सांगेन? पेन्शनचा एखादा कागद अजून अडकलेला असेल तर आधी संघटना, काम होईपर्यंत नेमाने. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांनी मात्र विचारून घ्यावं. जुन्या पेन्शनवाल्यांच्या संघटनेत त्यांच्या एनपीएसचे (नव्या, वर्गणीवर चालणाऱ्या पेन्शन योजनेचे) प्रश्न कोणी मांडतं का, ते बैठकीची विषयपत्रिका पाहिली की कळतं. कागद सगळे हातात आले असतील आणि घरात दोघंच असाल, मुलं बंगळुरूला किंवा अमेरिकेत, तर बिनदिक्कत गल्लीतला संघ, आणि दोघांची वेगवेगळी पावती. एकटे असाल तरीही तोच. नोकरी एका गावात आणि निवृत्तीनंतर मुक्काम दुसऱ्या गावात, अशांनी संघटनेची आजीव वर्गणी भरून व्हॉट्सॲप गटात राहावं. तिथे सुप्रभातचे फोटो सहन करावे लागतात, पण महागाई भत्त्याचा शासननिर्णय बँकेच्या आधी तिथेच येतो.